विवाहाची वैधता व नोंदणी

विवाह कायद्याने ग्राह्य ठरावा यासाठी वधूवरांच्या ठायी असावी लागणारी पात्रता, विवाह ज्या रीतीने संपन्न व्हावयाचा ती रीत आणि संपन्न झालेल्या विवाहाची शासकीय नोंद या तीन स्वतंत्र बाबी होत. पात्रता नसल्यास विवाह शून्य वा शून्यनीय ठरतो, किंवा विवाह टिकूनही संबंधितांना शिक्षा होऊ शकते. योग्य रीत पाळली गेली नसल्यास विवाह मुळात झालाच नाही, असे मानले जाते. नोंद नसल्यास मात्र विवाहाला बाध येत नाही; केवळ तो सिद्ध करणे अवघड होते. व्यवहारात या तिन्हींची गल्लत होते. लग्नपत्रिका, छायाचित्रे, मंगळसूत्र किंवा मुद्रांकावरील करारपत्र म्हणजेच विवाह, असा समज आढळतो. तसेच प्रमाणपत्र मिळाले म्हणजे विवाह पक्का झाला, असाही समज आढळतो. पोटगी, वारसा, अपत्यांचे हक्क किंवा द्विभार्याविवाहाची फिर्याद यांचा प्रश्न उद्भवला, की या गैरसमजांची किंमत प्रायः स्त्रीला मोजावी लागते.

भारतात सर्वांना लागू असा एकच विवाहकायदा नाही. वधूवरांचा धर्म, अनुसूचित जमात आणि त्यांनी निवडलेली विवाहपद्धती यांनुसार कायदा बदलतो. अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता तालुक्याच्या व त्याच्या आसपासच्या परिसराचे उदाहरण घेतल्यास हे वैविध्य स्पष्ट होते. १९९९ मध्ये निर्माण झालेल्या या तालुक्यात शिर्डी हे तीर्थक्षेत्र आणि लोणी-प्रवरानगर हे साखर कारखान्याचे केंद्र येते. येथील हिंदू, बौद्ध व जैन यांना हिंदू विवाह अधिनियम लागू आहे. मुसलमानांचे विवाह त्यांच्या व्यक्तिगत विधीने होतात. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे कार्य सुरू केल्यापासून जिल्ह्यात वाढलेल्या ख्रिस्ती समाजासाठी १८७२ चा अधिनियम आहे. याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडील अकोले तालुक्यातील महादेव कोळी, ठाकर इ. अनुसूचित जमातींचे विवाह त्यांच्या रूढींनुसार ग्राह्य धरले जातात. कारण केंद्र शासनाने अधिसूचनेद्वारे तसे जाहीर केल्याखेरीज हिंदू विवाह अधिनियम अनुसूचित जमातींना लागू होत नाही. भिन्नधर्मीय वधूवरांना आपापला धर्म न सोडता विवाह करावयाचा झाल्यास विशेष विवाह अधिनियमाचा आश्रय घ्यावा लागतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ब्रिटिश अमदानीपूर्वी विवाहाची ग्राह्यता धर्मशास्त्र, ज्ञातीची रूढी व जातपंचायत यांवर अवलंबून असे. एकोणिसाव्या शतकात कायद्याचा हस्तक्षेप टप्प्याटप्प्याने वाढत गेला. १८५६ च्या अधिनियमाने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता मिळाली. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने ब्राह्मण पुरोहिताविना विवाह लावण्याचा प्रघात पाडला. त्यांपैकी पहिला विवाह त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाला. विवाहास पुरोहित व संस्कृत मंत्र अपरिहार्य आहेत काय, हा प्रश्न त्यामुळे महाराष्ट्रात सार्वजनिक वादाचा विषय झाला.

वधूच्या संमतीचा प्रश्न रखमाबाई खटल्याने (१८८४–८८) ऐरणीवर आला. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्यास नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयात प्रथम निकाल त्यांच्या बाजूने लागला. परंतु अपिलानंतर १८८७ मध्ये नांदावयास जावे, अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा आदेश झाला. पुढे तडजोड होऊन प्रकरण मिटले. यातून उठलेल्या वादळाचा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याशी निकटचा संबंध होता. त्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेले. पण विवाहाचे वय ठरविले नाही. ते कार्य १९२९ च्या बालविवाह निर्बंध अधिनियमाने (सारडा कायदा) केले. १ एप्रिल १९३० पासून मुलासाठी अठरा व मुलीसाठी चौदा अशी किमान वयोमर्यादा आली. मुलीचे वय १९४९ मध्ये पंधरा झाले आणि १९७८ च्या दुरुस्तीने मुलासाठी एकवीस व मुलीसाठी अठरा ही मर्यादा ठरली. मुलीचे वय एकवीस करण्याचे डिसेंबर २०२१ मध्ये मांडलेले विधेयक २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने व्यपगत झाले.

एकपत्नीत्वाच्या बाबतीत मुंबई इलाख्याने केंद्रीय कायद्याच्या आधीच पाऊल टाकले. मुंबई हिंदू द्विभार्याविवाह प्रतिबंधक अधिनियम, १९४६ याने हिंदूंचा दुसरा विवाह शून्य व दंडनीय ठरविला. राज्यघटना अमलात आल्यानंतर त्यास आव्हान देण्यात आले. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात तो वैध ठरविला. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने हेच तत्त्व बहुतेक सर्व देशभर लागू केले.

वैधतेच्या अटी : हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हा १८ मे १९५५ पासून अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमात पाच अटी आहेत. विवाहसमयी कोणत्याही पक्षाचा जोडीदार हयात नसावा. संमती देण्याइतकी मानसिक क्षमता असावी. वराने एकवीस व वधूने अठरा वर्षे पूर्ण केलेली असावीत. पक्षांमध्ये निषिद्ध नाते नसावे. आणि ते परस्परांचे सपिंड नसावेत. घटस्फोटाचा दावा प्रलंबित असला, तरी पहिला विवाह कायम असतो. त्या अवस्थेत किंवा केवळ पंचांसमोर लिहिलेल्या सोडचिठ्ठीच्या बळावर केलेला दुसरा विवाह धोक्याचा ठरतो. रूढीने चालत आलेला घटस्फोट कायद्याने मानला आहे. परंतु तशी रूढी आहे, हे ती सांगणाऱ्याला सिद्ध करावे लागते.

सपिंडसंबंध पित्याच्या बाजूने पाच व मातेच्या बाजूने तीन पिढ्यांपर्यंत मोजतात. सगोत्र वा सप्रवर विवाहाचा अडथळा मात्र १९४६ च्याच एका अधिनियमाने दूर झालेला आहे. त्यामुळे गोत्र एक असल्याच्या कारणावरून विवाह अवैध ठरत नाही. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न मामेबहिणीशी होणाऱ्या विवाहाचा होय. भाऊ व बहीण यांची अपत्ये अधिनियमातील निषिद्ध नात्यात मोडतात. तथापि दोन्ही पक्षांच्या रूढीला असा विवाह मान्य असेल, तर तो वैध असतो. मराठा व इतर अनेक ज्ञातींत आत्याच्या मुलाने मामाची मुलगी करण्याची चाल जुनी असल्याने असे विवाह या अपवादाखाली टिकतात. ज्या समाजात अशी रूढी नाही, तेथे तोच विवाह शून्य ठरतो. विशेष विवाह अधिनियमाच्या परिशिष्टातही मामा, मावशी, आत्या व काका यांची अपत्ये निषिद्ध नात्यांत गणलेली आहेत.

अटींचा भंग झाल्यास होणारे परिणाम सारखे नाहीत. पहिला जोडीदार हयात असणे, निषिद्ध नाते आणि सपिंडसंबंध या कारणांनी विवाह आरंभापासून शून्य असतो. मानसिक अक्षमता आणि बळजबरीने वा कपटाने मिळविलेली संमती या कारणांनी तो शून्यनीय असतो. म्हणजे पीडित पक्षाने न्यायालयाकडून रद्द करून घेईपर्यंत तो अस्तित्वात राहतो. शून्य विवाहातील अपत्येही औरस समजली जातात.

विवाहाची रीत : अधिनियमाच्या सातव्या कलमानुसार हिंदू विवाह वधू किंवा वर यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनी संपन्न होऊ शकतो. त्या विधींत सप्तपदीचा अंतर्भाव असेल, तर अग्नीसमोर वधूवरांनी मिळून सातवे पाऊल टाकताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. साखरपुडा, टिळा, हळद, देवक बसविणे, सीमांतपूजन यांना सामाजिक महत्त्व असले, तरी त्यांपैकी कशानेही विवाह पूर्ण होत नाही. अंतरपाट दूर होऊन मंगलाष्टके संपली, की लोकदृष्ट्या लग्न लागते. परंतु सप्तपदी ज्यांच्या रूढीचा भाग आहे, त्यांच्या बाबतीत ती घाईगर्दीत गाळली जाणे पुढे वादाचे कारण होऊ शकते.

या तत्त्वाचा परिणाम महाराष्ट्रातील एका खटल्यात १९६५ मध्ये स्पष्ट झाला. पहिली पत्नी असताना गांधर्व पद्धतीने दुसरा विवाह केल्याबद्दल एका इसमावर द्विभार्याविवाहाचा आरोप होता. त्या विवाहात सप्तपदी व होम झाले नव्हते आणि त्यांविना विवाह पूर्ण होतो अशी रूढीही सिद्ध झाली नाही. सबब कायद्याच्या अर्थाने दुसरा विवाह झालाच नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष ठरविले. दुसरा विवाह रीतसर सिद्ध झाल्याशिवाय गुन्हा होत नाही, हा नियम तेव्हापासून प्रस्थापित आहे. भारतीय दंड संहितेच्या ४९४ व्या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमाने घेतली. तरी या नियमात फरक पडलेला नाही.

बौद्ध पद्धतीचे, तसेच सत्यशोधक पद्धतीचे विवाह हे त्या त्या समाजाची रूढ रीत म्हणून याच कलमाखाली ग्राह्य धरले जातात. आर्यसमाजी विवाहांसाठी १९३७ चा स्वतंत्र अधिनियम आहे. तमिळनाडूने १९६७ च्या दुरुस्तीने पुरोहिताविना, केवळ हार, अंगठी वा ताली यांच्या योगे होणारे स्वाभिमान विवाह स्पष्टपणे वैध केले. महाराष्ट्राने अशी स्वतंत्र दुरुस्ती केलेली नाही. नोटरीसमोर केलेले करारपत्र वा शपथपत्र हा विवाहाचा कोणताही प्रकार नव्हे.

मुस्लिम विवाह (निकाह) हा कराराच्या स्वरूपाचा असतो. एकाच बैठकीत प्रस्ताव व स्वीकार, साक्षीदारांची उपस्थिती आणि वधूला द्यावयाची मेहेर ही त्याची प्रमुख अंगे असून निकाहनामा हा त्याचा लेखी पुरावा असतो. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ याखाली धर्मगुरू, परवानाधारक किंवा विवाह निबंधक यांच्यासमोर विवाह होतो. काही अपवाद वगळता तो सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळात लावावा लागतो. पारशी विवाहात १९३६ च्या अधिनियमानुसार धर्मगुरूने दोन पारशी साक्षीदारांसमक्ष आशीर्वादविधी करणे आवश्यक असते.

विशेष विवाह : ज्यास लोक ‘कोर्ट मॅरेज’ किंवा ‘रजिस्टर लग्न’ म्हणतात, तो विवाह वस्तुतः न्यायालयात होत नाही. विशेष विवाह अधिनियम, १९५४ याखाली शासनाने नेमलेल्या विवाह अधिकाऱ्यासमोर तो होतो. १८७२ च्या मूळ विशेष विवाह अधिनियमाखाली विवाह करणाऱ्यांना आपण प्रचलित धर्मांपैकी कोणत्याही धर्माचे नाही, असे घोषित करावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्यातील परस्पर विवाहांपुरती ही सक्ती गेली आणि १९५४ च्या अधिनियमाने ती सर्वांसाठी नाहीशी केली.

या विवाहासाठी वधू किंवा वर यांपैकी एकाने तरी ज्या जिल्ह्यात लगतपूर्व किमान तीस दिवस वास्तव्य केले असेल, तेथील विवाह अधिकाऱ्याला विहित नमुन्यात नोटीस द्यावी लागते. राहात्याच्या रहिवाशांना यासाठी सु. ७५ किमी. अंतरावरील जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. कारण मुंबई, पुणे यांसारखे अपवाद वगळता जिल्हा मुख्यालयातील दुय्यम निबंधकाकडे विवाह अधिकाऱ्याचे काम सोपविलेले आहे. नोटीस कार्यालयात ठळक जागी लावतात. तीस दिवसांच्या आत कोणीही आक्षेप घेऊ शकतो. परंतु तो वय, मानसिक क्षमता, हयात जोडीदार वा निषिद्ध नाते या कायदेशीर अटींच्या भंगापुरताच असावा लागतो. आईवडिलांची नापसंती, जात वा धर्म हे आक्षेपाचे कारण होऊ शकत नाही. आक्षेपाची चौकशी अधिकाऱ्याने तीस दिवसांत पूर्ण करावयाची असते आणि त्याने विवाहास नकार दिल्यास जिल्हा न्यायालयात अपील करता येते. मुदत संपल्यावर वधूवर व तीन साक्षीदार घोषणापत्रावर सही करतात आणि परस्परांचा पतिपत्नी म्हणून स्वीकार केल्याचे शब्द अधिकारी व साक्षीदार यांच्यासमोर उच्चारल्यावर विवाह पूर्ण होतो. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह न झाल्यास नवी नोटीस द्यावी लागते.

या जाहीर नोटिशीवर बरीच टीका झाली आहे. फसवणूक टाळणे हा तिचा हेतू असला, तरी घरच्यांच्या विरोधात आंतरजातीय वा आंतरधर्मीय विवाह करणाऱ्यांना तीस दिवसांची ही प्रसिद्धी धोक्याची ठरू शकते. नेवासे तालुक्यातील सोनई येथे १ जानेवारी २०१३ रोजी आंतरजातीय प्रेमसंबंधावरून झालेल्या तिघा दलित तरुणांच्या हत्येने हा धोका किती खरा आहे, ते अहमदनगर जिल्ह्यातच दिसून आले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नोटिशीची प्रसिद्धी वधूवरांच्या इच्छेवर ठेवली. तथापि अधिनियमातील तरतूद कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सज्ञान व्यक्तींच्या विवाहात जातपंचायतींनी ढवळाढवळ करणे बेकायदेशीर ठरवून अशा दांपत्यांच्या संरक्षणासाठी राज्यांना निर्देश दिले. महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक अधिनियमानेही (२०१६) विवाहाच्या कारणावरून टाकलेला बहिष्कार दंडनीय केला आहे. समलिंगी व्यक्तींच्या विवाहास मात्र या किंवा अन्य कोणत्याही अधिनियमाखाली मान्यता नाही. तशी मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये फेटाळली.

पूर्वतयारी व देवाणघेवाण : सोयरीक जमविताना वय, पूर्वीचा विवाह व घटस्फोट यांची कागदोपत्री खातरजमा करणे ही कायद्याच्या दृष्टीने पहिली तयारी होय. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला, घटस्फोटितांच्या बाबतीत न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत आणि विधवा वा विधुराच्या बाबतीत मृत्यूचा दाखला पाहणे इष्ट असते. विवाह जमविण्याचा व्यवसाय करणाऱ्या मंडळांना १९९८ च्या राज्य अधिनियमाखाली स्वतःची नोंदणी करावी लागते. साखरपुडा मोडल्यास दुसऱ्या पक्षाला विवाहाची सक्ती करता येत नाही; मात्र झालेल्या हानीबद्दल भरपाईचा दावा करता येतो.

ग्रामीण महाराष्ट्रात ‘याद्या’ करण्याची चाल आहे. दोन्हीकडील वडीलधारी मंडळी बसून मानपान, बस्ता, भांडी, दागिने व खर्चाचा वाटा लिहून काढतात. या यादीत विवाहाची अट म्हणून मागितलेली रक्कम वा वस्तू आली, की ती हुंडा ठरते. मग तिला ‘वरदक्षिणा’, ‘पोशाख’ वा ‘करणी’ असे कोणतेही नाव असो. हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ हा १ जुलै १९६१ पासून लागू आहे. १९८४ व १९८६ च्या दुरुस्त्यांनंतर हुंडा देणे वा घेणे यासाठी किमान पाच वर्षे कारावास व किमान १५,००० रु. किंवा हुंड्याच्या मूल्याइतका, यांपैकी जास्त असेल तो, दंड अशी शिक्षा आहे. नुसत्या मागणीसाठीही सहा महिने ते दोन वर्षे कारावास होऊ शकतो. मागणी न करता स्वेच्छेने दिलेल्या भेटींना मुभा आहे; परंतु १९८५ च्या नियमांनुसार वधू व वर यांना मिळालेल्या भेटींच्या स्वतंत्र लेखी याद्या, वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत व देणाऱ्याचे नाव यांसह, करून ठेवावयाच्या असतात. याद्यांची चाल सार्वत्रिक असताना कायद्याला अभिप्रेत असलेली ही यादी मात्र क्वचितच केली जाते. परिणामी स्त्रीधन परत मागण्याच्या वेळी वधूजवळ पुरावा उरत नाही.

बालविवाह : बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ हा १ नोव्हेंबर २००७ पासून अमलात आला. त्यानुसार बालविवाह आपोआप शून्य होत नाही. विवाहसमयी अल्पवयीन असलेल्या पक्षास सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तो रद्द करून मागता येतो. अल्पवयीन मुलीला पळवून, फसवून वा विक्रीच्या हेतूने केलेला विवाह मात्र शून्यच असतो. मुलीशी विवाह करणारा सज्ञान पुरुष, विवाह लावणारा पुरोहित वा काझी आणि विवाहास उत्तेजन देणारे पालक यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; स्त्रियांना कारावासाची शिक्षा मात्र देता येत नाही. मुस्लिम अल्पवयीनांच्या विवाहांबाबत निरनिराळ्या उच्च न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत.

२०१९–२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी अठरा वर्षांपूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१·९ टक्के, तर भारतात २३·३ टक्के होते. ऊसतोडणीच्या हंगामी स्थलांतराशी या प्रश्नाचा संबंध आहे. बीड जिल्ह्यातून व अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व भागातून साखर कारखान्यांच्या पट्ट्यात येणारी मजूर कुटुंबे जोडीने काम करतात आणि वयात आलेल्या मुलीला एकटी गावी ठेवणे त्यांना असुरक्षित वाटते. त्यामुळे हंगामापूर्वी तिचे लग्न उरकण्याकडे कल असतो. ग्रामीण भागात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असून अंगणवाडी सेविका त्यास साहाय्य करते. म्हणजे विवाह नोंदविणारा आणि अवैध विवाह रोखणारा अधिकारी एकच असतो. विवाहापूर्वी वयाची खात्री करण्याची संधी व जबाबदारी अशा रीतीने गावपातळीवरच आहे.

नोंदणी : महाराष्ट्रात विवाहनोंदणी मुंबई विवाह नोंदणी अधिनियम, १९५३ याने सुरू झाली. त्याची जागा महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ याने घेतली. तो धर्मनिरपेक्ष असून राज्यात होणाऱ्या सर्व धर्मीयांच्या विवाहांना लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या खटल्यात देशभर सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचा आदेश राज्यांना दिला, तेव्हा असा कायदा आधीपासून असलेल्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्राची गणना झाली.

ग्रामपंचायत क्षेत्रात ग्रामसेवक (२०२४ मध्ये ठरविलेले पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’) आणि राहाता, शिर्डी यांसारख्या नगरपरिषद क्षेत्रांत नगरपरिषदेचा नियुक्त अधिकारी हा विवाह निबंधक असतो. विवाहस्थळ वा वधूवरांचे निवासस्थान ज्याच्या क्षेत्रात येते, त्या निबंधकाकडे विवाहापासून नव्वद दिवसांच्या आत नमुना ‘ड’ मधील विवाह ज्ञापन सादर करावयाचे असते. मुदतीनंतरही जादा आकार भरून नोंदणी करता येते. त्यामुळे अनेक वर्षांपूर्वी झालेल्या विवाहाचीही नोंद होऊ शकते. वधूवर व विवाहास हजर असलेले तीन साक्षीदार निबंधकासमोर प्रत्यक्ष उपस्थित राहतात. ज्ञापनासोबत वयाचा व वास्तव्याचा पुरावा, छायाचित्रे आणि लग्नपत्रिका (ती नसल्यास शपथपत्र) जोडतात. विवाह लावणाऱ्या पुरोहिताची, काझीची वा धर्मगुरूची माहितीही ज्ञापनात द्यावी लागते. पडताळणीनंतर नमुना ‘इ’ मध्ये प्रमाणपत्र मिळते.

या नोंदणीने पक्षांचा व्यक्तिगत कायदा बदलत नाही. मुस्लिम पुरुषाच्या पहिल्यानंतरच्या विवाहाचीही या अधिनियमाखाली नोंद होऊ शकते, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले, ते याच तत्त्वावर. विशेष विवाह अधिनियमाच्या पंधराव्या कलमाखालील नोंदणी मात्र वेगळी आहे. धार्मिक विधीने आधीच झालेला विवाह त्या कलमाखाली नोंदविल्यास तो पुढे विशेष विवाह गणला जातो. त्यासाठी नोंदणीच्या वेळी दोघांचीही वयाची एकवीस वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात.

गोव्यातील पद्धती यापेक्षा निराळी आहे. तेथे पोर्तुगीज नागरी संहिता व १९१० चा विवाहविषयक कायदा यांनुसार सर्व धर्मीयांसाठी नागरी नोंदणी हाच विवाहाचा गाभा होय. वधूवर प्रथम नागरी निबंधकासमोर विवाहाचा मनोदय घोषित करतात आणि आक्षेपांची मुदत संपल्यावर पुन्हा येऊन त्यास दुजोरा देतात. कॅथलिकांना निबंधकाचे ना-हरकत पत्र घेऊन चर्चमध्ये विवाह करण्याची सवलत आहे. एरवी गोव्यात मंगलाष्टके म्हणून लग्न लावले, तरी नागरी नोंदीविना ते अपुरे राहते. महाराष्ट्रात विधी झाला असेल, तर नोंद नसली तरी विवाह पूर्ण असतो. परदेशी भारतीय नागरिकांचे विवाह विदेशी विवाह अधिनियम, १९६९ याखाली भारतीय वकिलातींतील विवाह अधिकाऱ्यांसमोर होऊ शकतात.

नोंदणीचे पुराव्यातील स्थान : नोंदणीपुस्तकातील उतारा हा विवाहाचा सबळ पुरावा असतो, पारपत्र, विमा, निवृत्तिवेतन, बँकेतील ठेवी व वारसाहक्क यांसाठी तो उपयोगी पडतो. परंतु नोंद ही विवाहाची पर्यायी रीत नव्हे. परदेशगमन वा नोकरीच्या सोयीसाठी आधी प्रमाणपत्र घेऊन विधी पुढे ढकलण्याचा प्रकार रूढ होत असल्याची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये असे स्पष्ट केले, की विधीशिवाय केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह अस्तित्वात येत नाही. ज्यांना विधी करावयाचाच नाही, त्यांच्यासाठी विशेष विवाह अधिनियमाचा मार्ग खुला आहे.

याउलट नोंद नसलेल्या स्त्रीलाही कायद्याने अगदीच निराधार ठेवलेले नाही. दीर्घकाळ पतिपत्नी म्हणून एकत्र राहिलेल्या व समाजाने तसे मानलेल्या स्त्रीपुरुषांचा विवाह झालेला आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. मात्र हे गृहीतक विरुद्ध पुराव्याने खोडून काढता येते. पहिला विवाह लपवून दुसरा विवाह करणाऱ्या पुरुषास त्याच गैरकृत्याचा लाभ घेऊन पोटगी नाकारता येणार नाही, असे महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरविले. शून्य विवाहातील अपत्यांना आईवडिलांच्या मिळकतीत हिस्सा असतो. २०२३ च्या निर्णयाने त्यात एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून मात्यापित्यांस मिळणाऱ्या कल्पित हिश्शाचाही समावेश झाला. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियमाचे (२००५) संरक्षण विवाहसदृश संबंधातील स्त्रीलाही मिळते. हे उपाय मात्र दीर्घ न्यायालयीन प्रक्रियेतून जाणारे आहेत. त्यांत पुरोहित, पाहुणे व शेजारी यांच्या साक्षी लागतात आणि काळ लोटल्यावर त्या मिळेनाशा होतात. नव्वद दिवसांच्या मुदतीत केलेली नोंद हा पुरावा विवाहाच्या वेळीच, साक्षीदार उपलब्ध असताना, शासकीय दप्तरात जमा करते. नोंदणीचे मुख्य प्रयोजन तेच होय. [→ विवाहसंस्था, हिंदू कायदा, हुंडा].